कुलूप कोणत्या दाराला

18 जानेवारी 2012 ला भारतात सकाळचे साडेदहा वाजले आणि इंग्रजी विकिपीडियावरचा जवळजवळ प्रत्येक लेख काळा पडला. व्हायचं असं, की लेख आधी क्षणभर दिसायचा. पहिला परिच्छेद, उजवीकडची माहितीची चौकट, एखादं चित्र. त्यावर नजर ठरते न ठरते तोच वरून काळा पडदा यायचा. पडद्यावर मोजक्या ओळी आणि अमेरिकेतल्या वाचकांसाठी झिप कोड टाकायचा एक रकाना. कोड टाकला की आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचा फोन नंबर समोर. हा पडदा चोवीस तास राहणार होता. पण पान उघडत असताना नेमक्या क्षणी एस्केपचं बटण दाबलं तर तो यायचाच नाही. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद केली तरी यायचा नाही. मोबाईलची आवृत्ती उघडीच होती. चोरटे चित्रपट-गाणी रोखण्यासाठी आलेल्या ‘सोपा’ आणि ‘पिपा’ या ज्या दोन अमेरिकी विधेयकांविरुद्ध हा निषेध होता त्यांच्यावरचे लेखही उघडे ठेवले होते. मराठी विकिपीडिया नेहमीसारखा चालू होता, कारण बंदचा निर्णय फक्त इंग्रजीच्या संपादकांनी घेतला होता. अठराशेहून जास्त जणांनी त्या चर्चेत भाग घेतला होता.

एवढ्या मोठ्या बंदचं कुलूप इतकं कच्चं का, हा प्रश्न तेव्हापासून मनात ठाण मांडून बसला आहे. ती चूक नव्हती, हे त्याच दिवशी उघड होतं. पडदा कसा टाळता येईल हे विकिपीडियानेच आपल्या प्रश्नोत्तरांत लिहून ठेवलं होतं. कुणाला तातडीने एखाद्या औषधाची माहिती हवी असेल तर ती मिळायलाच हवी, एवढी फट ठेवूनच निषेध करायचा होता. बंद होता तो सगळ्यात वरच्या थरावर, वाचकाच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये, जिथे शेवटचा शब्द वाचकाचा असतो. आणि निषेध होता तो सगळ्यात खालच्या थराला हात घालणाऱ्या दोन विधेयकांचा. हा फरक जितका तपासावा तितकी त्या दिवसाची गोष्ट मला नुसत्या ‘कंपन्या विरुद्ध हॉलिवूड’ या चौकटीबाहेर जाताना दिसते.

विधेयकं दोन होती. सिनेटमधलं ‘पिपा’ पॅट्रिक लेही यांनी मे 2011 मध्ये मांडलं आणि प्रतिनिधीगृहातलं ‘सोपा’ लमार स्मिथ यांनी 26 ऑक्टोबर 2011 ला. त्याआधी 2010 मध्ये याच घराण्यातलं एक विधेयक येऊन गेलं होतं, ते सिनेटर रॉन वायडन यांनी अडवून धरलं. पिपा आलं तेव्हाही त्यांनी तेच केलं. हेतू सांगितला जात होता तो असा: चोरटे चित्रपट, गाणी आणि बनावट माल पुरवणाऱ्या साइट परदेशात बसलेल्या असतात, अमेरिकी कोर्टाचा हात त्यांच्यापर्यंत पोचत नाही, मग निदान त्यांच्याकडे जाणाऱ्या अमेरिकेतल्या वाटा तरी बंद करू. वाटा चार धरल्या होत्या. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने आदेश मिळाल्यापासून पाच दिवसांत त्या साइटच्या नावाचा पत्ता सांगणं थांबवायचं, शोधयंत्राने दुवा काढायचा, कार्डाच्या कंपनीने पैसे अडवायचे आणि जाहिरात देणाऱ्याने जाहिरात. वाचायला हे सरळ वाटतं. पहिल्या वाटेपाशी थोडं थांबलं की ते सरळ राहत नाही.

आपण ब्राउझरमध्ये नाव टाइप करतो तेव्हा यंत्राला त्या नावाचा काही उपयोग नसतो, त्याला आकडी पत्ता लागतो. तो सांगण्याचं काम डीएनएसचं. आपला संगणक आपल्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. त्याच्याकडे आधीचं उत्तर साठवलेलं नसेल तर तो रूट सर्व्हरला विचारतो, रूट म्हणतो डॉट कॉमवाल्याला विचार, डॉट कॉमवाला त्या नावाच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता देतो आणि तिथून शेवटी आकडे येतात. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. सोपाची पहिली वाट बंद करणं म्हणजे या साखळीतल्या रिझॉल्व्हरला खोटं बोलायला सांगणं: खरं उत्तर माहीत असलं तरी ‘असं नाव नाही’ म्हण, किंवा सरकारी सूचनेच्या पानाचा पत्ता दे. साइट जिथल्या तिथेच राहते, तिच्यातली एक फाइलही हलत नाही. आकडी पत्ता ठाऊक असलेला माणूस पुष्कळदा थेट पोचू शकतो. ज्याला ठाऊक नाही तो दोन मिनिटांत नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझॉल्व्हर बदलतो, परदेशातल्या एखाद्या फुकट सेवेचे चार आकडे तिथे टाकतो आणि त्याचं काम होतं. ज्या पोराला चित्रपट फुकट हवा आहे त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणजे चोर अडत नाही. मग अडतं काय?

डीएनएसचं उत्तर वाटेत कुणी बदललं तर विचारणाऱ्याला ते कळायचं नाही, ही या व्यवस्थेची जन्मापासूनची उणीव. ती किती गंभीर आहे हे 2008 मध्ये सुरक्षातज्ज्ञ डॅन कामिन्स्की यांनी दाखवलं: रिझॉल्व्हरच्या साठ्यात बनावट उत्तर घुसवून बँकेचं नाव टाइप करणाऱ्याला भामट्याच्या साइटवर नेता येत होतं. यावरचा पक्का इलाज होता डीएनएसेक, म्हणजे प्रत्येक उत्तरावर सही. रूटवर सही आली जुलै 2010 मध्ये, डॉट कॉमवर मार्च 2011 मध्ये. पंधरा वर्षांहून जास्त काळ रेंगाळलेलं काम कुठे मार्गी लागत होतं. आता सही असलेल्या नावाचं उत्तर कायद्याच्या सांगण्यावरून बदललं तर काय होतं? रिझॉल्व्हरकडे खऱ्या मालकाची किल्ली नसते, त्यामुळे त्याला बदललेल्या उत्तरावर खरी सही करता येत नाही. सही तपासणारा संगणक ते उत्तर फेकून देतो. त्याच्या लेखी कोर्टाचा आदेश आणि भामट्याचा हल्ला यांत काहीच फरक नसतो, दोन्हीकडे सही जुळत नाही एवढंच त्याला दिसतं. नीट लिहिलेला प्रोग्रॅम अशा वेळी दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे जाईल, म्हणजे बंदी मोडेल. प्रोग्रॅमला तसं करू द्यायचं नाही म्हटलं, तर खऱ्या हल्ल्यातून सुटायची वाटही बंद होते. हे कागदावरचं भांडण नव्हतं. कॉमकास्ट या मोठ्या अमेरिकी इंटरनेट कंपनीने जानेवारी 2012 मध्ये, म्हणजे त्या काळ्या दिवसाच्या आठवडाभर आधी, आपल्या सगळ्या ग्राहकांसाठी डीएनएसेक पूर्ण केलं. चुकीचं नाव टाइप केलं की ग्राहकाला स्वतःच्या शोधपानावर वळवणारी आपली सोय त्यांना त्यासाठी बंद करावी लागली, कारण उत्तर वळवणं आणि उत्तराची सही एका घरात नांदत नाहीत. आणि हीच कॉमकास्ट, एनबीसी युनिव्हर्सल या चित्रपट-टीव्ही कंपनीची मालक असल्याने, विधेयकाच्या बाजूच्या गोटात गणली जात होती.

हे सांगणारी माणसं कोण होती तेही पाहण्यासारखं आहे. मे 2011 मध्ये पाच जणांनी पिपातल्या या तरतुदीवर एक टिपण लिहिलं. स्टीव्ह क्रॉकर, ज्यांनी 1969 मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांतलं पहिलंच लिहिलं होतं. पॉल विक्सी, ज्यांनी डीएनएसचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सांभाळलं. ती भेग शोधणारे कामिन्स्की. आणि डेव्हिड डॅगन व डॅनी मॅकफर्सन. टिपणाचा सूर संयमी होता. चोरी वाईट आहे, कलाकाराचा हक्क खरा आहे, एवढं मान्य करूनच ते सांगत होते की या उपायाने चोरी थांबणार नाही आणि सुरक्षेचं काम मात्र मागे पडेल. डिसेंबरात, इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांच्यासह 83 अभियंत्यांनी खुलं पत्र लिहिलं. पण त्याआधी 16 नोव्हेंबर 2011 ला सोपावर झालेल्या समितीच्या सुनावणीत सहा साक्षीदार होते आणि त्यांतला उघड विरोध करणारा एकच, गूगलचा. नेटवर्क चालवणारा अभियंता एकही नव्हता. 15 डिसेंबरला कलमवार चर्चा सुरू झाली तेव्हा या तांत्रिक गोष्टी आपल्याला कळत नाहीत असं सदस्यच बोलून दाखवत होते. जेसन शॅफेट्झ, झोई लॉफग्रेन, डॅरेल इसा, जॅरेड पोलिस असे मोजके जण म्हणत होते की मग ज्यांना कळतं त्यांना आधी बोलवा. ही चर्चा थेट प्रक्षेपणात हजारो लोक बघत होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा पोटापाण्याचा धंदाच हे यंत्र चालवण्याचा होता. विरोधाची धार तिथे वाढली असं मला वाटतं. आपलं म्हणणं फेटाळलं गेलं तर माणूस निराश होतो. ते ऐकूनच घेतलं नाही तर तो फोन उचलतो.

आता त्या यंत्राच्या चुकीची किंमत कोण भरतं ते पाहू. फेब्रुवारी 2011 मध्ये अमेरिकी सरकारने बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांवरच्या कारवाईत काही साइटची नावं जप्त केली. गुन्हा अत्यंत घृणास्पद, कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्यांत मू डॉट कॉम (mooo.com) हे नाव होतं, आणि ते होतं वाटून घेतलेलं: त्याखाली शेकडो-हजारो लोकांनी आपापली उपनावं फुकट घेतलेली, कुणाचा ब्लॉग, कुणाचं दुकान, कुणाचा घरचा सर्व्हर. आदेश निघाला मूळ नावावर. सुमारे 84,000 उपनावं एका फटक्यात सरकारच्या सूचनापानाकडे वळली आणि त्या प्रत्येकावर लिहून आलं, की ही साइट असल्या चित्रांसाठी जप्त झाली आहे. एका भाडेकरूचा अपराध आणि वाड्यालाच सील, वर दारावर सगळ्यांची बदनामी. चूक दुरुस्त झाल्यावरही ज्यांच्या रिझॉल्व्हरमध्ये ते खोटं उत्तर साठलेलं होतं त्यांना पुढे काही काळ तेच पान दिसत राहिलं. ज्याच्या आजी-आजोबांनी, गिऱ्हाइकांनी, शाळेतल्या शिक्षकांनी ते पान पाहिलं त्याला कुठे जाऊन खुलासा करायचा होता?

दुसरी गोष्ट हिपहॉपच्या एका ब्लॉगची, डाजाझ1ची. नोव्हेंबर 2010 मध्ये चोरटी गाणी ठेवल्याच्या आरोपावरून त्याचं नाव जप्त झालं. ब्लॉगवाल्याचं म्हणणं होतं की गाणी प्रसिद्धीसाठी संगीत कंपन्यांच्या बाजूनेच त्याच्याकडे पाठवली गेली होती. वर्ष उलटलं तरी खटला उभा राहिला नाही. मुदतवाढीचे अर्ज सीलबंद होते, त्याच्या वकिलालाही पाहायला मिळाले नाहीत. डिसेंबर 2011 मध्ये, नेमकी सोपावरची चर्चा तापलेली असताना, नाव गुपचूप परत मिळालं. संगीताच्या ब्लॉगला वर्षभर नाव नसणं म्हणजे त्याचा वाचक संपणं. या दोन्ही गोष्टी सोपाशिवायच्या, आधीच्याच अधिकारांतल्या. ज्यांनी त्या पाहिल्या होत्या त्यांना नवं विधेयक वाचताना ‘फक्त वाईट साइटवरच वापरू’ या आश्वासनाचा भरवसा वाटला नाही, यात नवल नाही.

पैशाच्या वाटेबद्दल कमी बोललं गेलं, पण मला तीच जास्त धोक्याची वाटते. सोपाच्या पहिल्या मसुद्यात हक्कधारकाने थेट कार्डाच्या किंवा जाहिरातीच्या कंपनीला नोटीस पाठवायची आणि कंपनीने पाच दिवसांत त्या साइटशी व्यवहार तोडायचा अशी सोय होती. कोर्टाची पायरी न चढता. समोरच्याला उलट नोटीस पाठवता येत होती, पण तोवर त्याची मिळकत थांबलेली. डिसेंबरातल्या सुधारित मसुद्यात हे मवाळ करून कोर्टाचा आदेश घातला गेला, तरी स्वतःहून व्यवहार तोडणाऱ्या कंपनीला जबाबदारीतून सूट राहिलीच. आता याची तुलना 1998 पासून चालत आलेल्या अमेरिकी कायद्याशी करा. तिथे नोटीस पाठवणाऱ्याने नेमकी कलाकृती कोणती, नेमका दुवा कोणता, आपला संपर्क, सद्भावनेचं निवेदन आणि आपण हक्कधारकाच्या वतीने बोलत असल्याचं शपथेवरचं विधान, एवढं सहीनिशी द्यायचं. साइटने तेवढीच फाइल काढायची. फाइल टाकणाऱ्याने उलट नोटीस दिली आणि तक्रारदार कोर्टात गेला नाही, तर कामाचे 10 ते 14 दिवस झाल्यावर फाइल परत. या पद्धतीचाही भरपूर गैरवापर होतो, पण निदान तिचा नेम एका फाइलवर असतो. सोपात नेम अख्ख्या साइटवर होता, आणि व्याख्येत ‘साइट किंवा तिचा एखादा भाग’ अशी शब्दयोजना असल्याने लाखो लोकांच्या फाइली ठेवणारी कुठलीही साइट एखाद्याच्या करणीने त्यात सापडू शकली असती.

हे सगळं म्हणताना चित्रपटवाल्यांची बाजू हलकी लेखावी असं मला कधीच वाटलं नाही. मराठी चित्रपटाचं गणित ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला पहिल्या आठवड्याचं मोल माहीत आहे. मोजकी थिएटरं, त्यांत मिळालेले दुपारचे खेळ, आणि शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाची चोरटी प्रत रविवारच्या आत तालुक्याच्या मोबाईल दुकानात. 2016 मध्ये ‘सैराट’च्या चोरट्या प्रती फिरल्या, तो एवढा मोठा झाला की तरला, पण अशा तडाख्यात बुडालेल्या लहान चित्रपटांची नावंही आपल्याला आठवत नाहीत. निर्मात्याने कर्ज काढलेलं असतं, स्पॉटबॉयपासून संकलकापर्यंत कुणाचा तरी शेवटचा हप्ता राहिलेला असतो. पण त्या मोबाईल दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहून नीट पाहा. संगणकात ‘मराठी नवीन’ नावाचं फोल्डर, कार्ड रीडरमध्ये गिऱ्हाइकाचं मेमरी कार्ड, प्रत चढायला चहा पिण्याएवढा वेळ, आणि किंमत एका वडापावच्या आसपास. या व्यवहारात डीएनएसचा कुठेच संबंध येत नाही. आणि ती पहिली प्रत पुष्कळदा बाहेर पडलेली असते ती चित्रपटाच्याच साखळीतून, कुणाच्या तरी हातातल्या हार्ड डिस्कमधून किंवा प्रोजेक्शनच्या वेळी चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यातून. प्रत्येक प्रतीवर कुणाला दिली त्याची अदृश्य खूण घालणं, प्रतींचा हिशेब ठेवणं, आणि गावात थिएटर नसेल तिथे परवडणाऱ्या दरात चित्रपट लवकर पोचवणं, यांनी जेवढं वाचेल तेवढं नावावरच्या बंदीने वाचणार नाही. कलाकाराचं नुकसान खरं आहे, म्हणूनच त्याला निकामी औषध विकलं जाऊ नये असं वाटतं.

निषेध उभा राहिला तो एका दिवसात नाही. 16 नोव्हेंबरच्या सुनावणीच्याच दिवशी टंबलर या ब्लॉगच्या साइटने आपल्या वापरकर्त्यांची पानं काळ्या पट्ट्यांनी झाकून दाखवली आणि प्रतिनिधींना फोन लावून दिले. त्या एका दिवसात 87,000 हून अधिक फोन गेले. डिसेंबरात रेडिट या चर्चेच्या साइटवर कुणीतरी सुचवलं की विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या गोडॅडी या साइटची नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडची आपली नावं काढून घेऊ. या कृतीला थोडी खटपट लागते: नावाचं कुलूप काढायचं, हस्तांतराचा कोड मागवायचा, नव्या कंपनीकडे तो टाकून पैसे भरायचे, ईमेलवर आलेली खातरजमा करायची आणि मग साधारण पाच दिवस थांबायचं, नाव घेऊन साठ दिवस झाले नसतील तर ते हलतच नाही. तरी लोकांनी ते केलं. विकिपीडियाची नावंही हलवणार असं तिचे संस्थापक जिमी वेल्स यांनी जाहीर केलं. 23 डिसेंबरला, म्हणजे सूचना आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कंपनीने पाठिंबा काढून घेतला. नुसती सही करण्यापेक्षा ही कृती जड होती आणि म्हणून तिचं वजन पडलं. फोनचंही तसंच. ईमेल ढिगात जातो. वाजणारा फोन कार्यालयातल्या कुणाला तरी उचलावा लागतो, झिप कोड विचारावा लागतो, बाजूने की विरुद्ध ते लिहून ठेवावं लागतं. शंभर फोन आले की दुसरं कामच होत नाही.

18 जानेवारीला इंग्रजी विकिपीडियाचं काळं पान 16 कोटी 20 लाख वेळा पाहिलं गेलं आणि 80 लाख वेळा लोकांनी आपला प्रतिनिधी कोण ते शोधलं. गूगलच्या निवेदनावर 70 लाख सह्या जमल्या. त्याच दिवशी मार्को रुबिओ यांच्यासारख्या, विधेयकावर सहप्रायोजक म्हणून नाव असलेल्या सिनेटरांनी अंग काढून घेतलं. प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेच्या मोजणीनुसार बंदच्या आधी अमेरिकी संसदेत 80 जण उघडपणे बाजूने आणि 31 विरुद्ध होते. 19 जानेवारीला 65 बाजूने आणि 101 विरुद्ध. 20 जानेवारीला सिनेटमधले बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी सिनेटमधलं 24 तारखेचं मतदान पुढे ढकललं, स्मिथ यांनी सोपा बाजूला ठेवलं, आणि दोन्ही पुन्हा उठली नाहीत. युरोपात बनावट माल आणि चोरट्या प्रती रोखण्यासाठीच्या ‘ॲक्टा’ या आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध पोलंडच्या कडाक्याच्या थंडीत तरुण रस्त्यावर आले आणि 4 जुलै 2012 ला युरोपीय संसदेने तो 478 विरुद्ध 39 मतांनी फेटाळला. आरन स्वार्ट्झ हा तरुण प्रोग्रॅमर आणि कार्यकर्ता या सगळ्यात सुरुवातीपासून, 2010 च्या पहिल्या विधेयकापासून, लोकांना जोडत होता. जानेवारी 2013 मध्ये, बंदला वर्ष होत असतानाच, तो गेला. वय 26. त्या विजयाची आठवण त्याच्या आठवणीशिवाय मला करता येत नाही.

आणि त्या विजयात एक सल आहे.

विधेयकं मागे पडण्याच्या आधीच, 19 जानेवारीला, एफबीआयने मेगाअपलोड ही फाइली ठेवायची साइट बंद केली आणि न्यूझीलंडमध्ये तिच्या संस्थापकाला, किम डॉटकॉमला, अटक झाली. नव्या कायद्याशिवाय, जुन्याच अधिकारांनी. मेगाअपलोडवर चोरीचा माल प्रचंड होता यात वाद नाही. पण तिथेच साध्या माणसांनी आपले लग्नाचे व्हिडिओ, प्रबंध, धंद्याची कागदपत्रं ठेवली होती. अमेरिकेतल्या भाड्याच्या 1,103 सर्व्हरांवर 25 पेटाबाइट माल होता. सरकार म्हणालं आमची तपासणी झाली, सर्व्हरवाला म्हणाला भाडं कोण देणार, कंपनीचे पैसे गोठवलेले. आपली फाइल मागणाऱ्याला कोर्टात जाऊनही ती मिळेना. एका दिवशी सोळा कोटी वेळा जे पान उघडलं गेलं त्याने या माणसांसाठी काही बदललं नव्हतं.

आपल्याकडे तर सोपासारखं विधेयक यावंच लागलं नाही. कोर्टात ‘अशोक कुमार’ नावाच्या अज्ञात प्रतिवादीविरुद्ध दावा लावायचा, चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधी मनाई हुकूम मिळवायचा आणि तो इंटरनेट कंपन्यांच्या हातात द्यायचा, ही वहिवाट पडून गेली आहे. मे 2012 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशावर बोट ठेवून काही कंपन्यांनी व्हिमिओ (व्हिडिओंची साइट), पेस्टबिन (मजकूर ठेवायची साइट) यांसकट अख्ख्या साइट बंद केल्या. जूनमध्ये कोर्टाला स्पष्ट करावं लागलं की आदेश नेमक्या दुव्यांपुरता आहे. 9 जूनला मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घालून तरुण जमले ते यावरूनच. 2016 मध्ये ‘ढिशूम’च्या निर्मात्यांनी मुंबई उच्च न्यायालयात बंदी मागितली तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अख्ख्या साइटवर हुकूम द्यायला नकार दिला. दुवा न दुवा तपासून आणा म्हणाले: आधी शोध घेणाऱ्या संस्थेने पाहायचा, मग निर्मात्याच्या माणसांनी, मग वकिलांनी, आणि वर शपथपत्र. अडवलेल्या पानावर नुसतं ‘बंद’ लिहून चालणार नाही, तक्रार कुठे करायची तेही हवं. पुढे त्या पानांवर ‘हे पाहणं हाच गुन्हा’ अशा अर्थाचा मजकूर झळकला आणि लोक घाबरले, तेव्हा नुसतं पाहणं कायद्याने गुन्हा नाही हेही याच कोर्टाने सांगितलं. भारतीय कायद्यात नोटीस मिळाल्यावर 36 तासांत फाइल अडवायची आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर ती परत खुली करता येते, ही तरतूद आहे. चांगली आहे. पण ऑगस्ट 2017 मध्ये दोन हिंदी चित्रपटांसाठी अडीच हजारांहून जास्त साइटची यादी मद्रासच्या कोर्टापुढे गेली आणि त्यात इंटरनेट आर्काइव्ह हे जुनी पुस्तकं आणि पानं जपणारं ऑनलाइन ग्रंथालयही निघालं. ज्या आर्काइव्हमध्ये शंभर वर्षांपूर्वीची, हक्क संपलेली मराठी पुस्तकं पिवळ्या पानांच्या स्कॅनमध्ये उघडतात, जुन्या मासिकांचे अंक सापडतात, ते या देशात काही दिवस उघडेना. पुस्तकं शोधणाऱ्या माणसाला समोर फक्त ‘सरकारच्या आदेशाने बंद’. कोणता आदेश, कुणाच्या सांगण्यावरून, कुठे अर्ज करायचा, काही नाही. ती यादी एकाने जरी वरून खाली वाचली असती तरी ते नाव खटकलं असतं.

इटलीत आता यंत्र आणखी वेगवान झालं आहे. फुटबॉलच्या चोरट्या प्रक्षेपणासाठी तिथे अशी व्यवस्था आहे की हक्कधारकाने पत्ता टाकल्यापासून तीस मिनिटांत कंपन्यांनी तो अडवायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये एका शनिवारी त्यात गूगल ड्राइव्हचा पत्ता पडला आणि देशभर लोकांच्या फाइली उतरेनात. तीस मिनिटांत अडवता येतं. उघडायला किती वेळ द्यायचा, हे तेवढ्याच काटेकोरपणे क्वचितच लिहिलेलं असतं.

आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहात परदेशी साइट अडवण्याचं नवं विधेयक आलं. मांडणाऱ्या झोई लॉफग्रेन, ज्या डिसेंबर 2011 मध्ये समितीत सोपाविरुद्ध तासन्‌तास लढल्या. मला यात दगाबाजी दिसत नाही. विधेयक जुन्यापेक्षा बरंच विचारपूर्वक लिहिलं आहे. आदेश कोर्टाचाच हवा. एक लाखाहून कमी ग्राहक असलेल्या इंटरनेट कंपन्यांना ते लागू नाही. व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेटवर नेणाऱ्या सेवा, वगळले आहेत. पण वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्यांचे डीएनएस रिझॉल्व्हर त्यात आहेत, म्हणजे ज्या आकड्यांकडे पोरं तेव्हा वळत होती त्या मोठ्या सेवाही. रिझॉल्व्हरला खरं उत्तर माहीत असून दुसरं सांगायला लावायचं, ही मागणी तशीच आहे. त्यामुळे मसुदा हातात घेतला की मी पहिल्यांदा व्याख्या वाचत नाही. चुकून अडवलेल्या साइटने कुणाकडे जायचं, तिला किती दिवसांत उत्तर मिळेल आणि तोवर झालेलं नुकसान कोण भरून देईल, ही कलमं शोधतो, आणि ती सापडेपर्यंत पानं उलटत राहतो.